लाईट गेली की नेट सुरू

पावसाळ्यात कोल्हापुरात लाईट जाणं आणि लाईटीबरोबर नेटही जाणं, दोन्ही लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. शिवाजी पेठेतल्या एका घरात मात्र उलटाच प्रकार चालला होता. लाईट असेपर्यंत कुणाच्या मोबाईलवर इंटरनेट चाले, तर कुणाच्या मोबाईलवर नुसतंच गोल गोल फिरत राही. लाईट गेली, घर इन्व्हर्टरवर आलं, की सगळ्यांचं नेट झकास सुरू. आणि लाईट परत आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"लाईट हाय तवर नेट न्हाई, आन् लाईट गेली की नेट हजर. असलं कुठं असतंय व्हय?" हा त्या घरातल्या आजोबांचा सवाल. वायरमन येऊन गेला, नेटवाला येऊन गेला, दुकानदाराचा सल्ला घेऊन झाला. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

या घराशी माझा जुना घरोबा, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटापर्यंत जवळून पाहता आलं. ते इथे सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण असा बिघाड कुठल्याही दुमजली-तिमजली घरात सहज होऊ शकतो. आणि झाला की माणसं त्याचं खापर विजेवर, कंपनीवर नाहीतर मोबाईलवर फोडतात आणि नको तिथे पैसे घालवतात.

घर मूळचं जुनं. खालचा मजला काळ्या दगडाचा, भिंती हातभर रुंद. वरचे दोन मजले मुलाने नंतर स्लॅब टाकून चढवले. आजी-आजोबा खाली, मुलगा-सून आणि नातवंडं वर. फायबरचं कनेक्शन खाली सोप्यात आलेलं आणि कंपनीने दिलेला वायफायचा डबाही तिथेच, इन्व्हर्टरच्या लाइनवर. सूनबाई पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतात. त्यांची मीटिंग मध्येच तुटायची. थोरल्या नातवाचा रोजचा दीड जीबीचा डेटा दुपारीच संपायचा. त्याचं कारण नंतर कळलं. वायफायला नेट नाही असं दिसलं की मोबाईल आपणहून सिमकार्डाच्या डेटावर जातो, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पहिला संशय साहजिकच विजेवर गेला. वायरमनने अर्थिंग तपासलं, व्होल्टेज मोजलं, बोर्ड बदलला. मग ॲडॉप्टर बदलून झाला. हा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. डब्याचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर जुना झाला की त्यातले कपॅसिटर कमजोर होतात. डब्यावरचे दिवे तर लागलेले दिसतात, पण बरेच मोबाईल एकदम जोडले गेले आणि डब्याला जास्त वीज लागली की तो अचानक रीस्टार्ट होतो. रोज संध्याकाळीच नेट तुटण्यामागे पुष्कळदा हीच स्वस्तातली वस्तू असते. इथे मात्र ती निर्दोष निघाली.

मग नेटवाल्याचा मुलगा आला. सोप्यात उभं राहून त्याने स्वतःचा मोबाईल डब्याला जोडला आणि स्पीड टेस्ट लावली. "वैनी, लाईन एकदम ओके हाय. बघा की, स्पीड फुल्ल येतोय." सूनबाईंचा मोबाईल त्याच्या शेजारीच होता आणि त्यावर एक पान उघडत नव्हतं. "मग तुमच्या मोबाईलातच काय तरी प्रॉब्लेम असंल," असं म्हणून तो गेला. त्याचं म्हणणं प्रामाणिक होतं. लाईन खरोखरच ठीक होती.

जाताना त्याने नेहमीचा उपाय सांगितला: डबा बंद करून चालू करा. या उपायाने त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा. आधी एकट्या सूनबाईंचं नेट बंद असे. डबा रीस्टार्ट केला की नातवंडांचंही जाई. आता कंपनी बदलायची, मोबाईल बदलायचा की महागातला नवा राउटर घ्यायचा, यावर घरात चर्चा सुरू झाली.

कोडं सुटलं ते सूनबाईंच्या एका सवयीमुळे. दुधाचा खाडा, सिलिंडर आल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, सगळं कालनिर्णयाच्या पानावर लिहायची त्यांची पद्धत. नेटचंही त्यांनी तसंच लिहायला घेतलं. किती वाजता गेलं, कुणाच्या मोबाईलचं गेलं, तो माणूस कुठल्या मजल्यावर होता, लाईट होती की नव्हती. त्या नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसलं की सगळ्या घराचं नेट एकदम असं कधीच गेलेलं नाही. म्हणजे बाहेरच्या लाइनीचा दोष नव्हे. लाईन तुटली तर सगळ्यांचं एकदम जातं. दुसरं असं, की बिघाड माणसाबरोबर फिरत होता. वर बंद पडलेला मोबाईल खाली डब्याशेजारी आणून ठेवला तरी बंदच राही, आणि खाली चालणारा मोबाईल वर नेला तरी चालतच राही. म्हणजे रेंजचाही दोष नव्हे. आणि त्रासाची सुरुवात जवळजवळ प्रत्येक वेळी लाईट परत आल्यानंतर, वरच्या मजल्यापासून होत होती.

वर असं काय होतं, जे लाईटीवर चालतं पण इन्व्हर्टरवर नाही? गिझर, इस्त्री, वॉशिंग मशीन. आणि जिन्याच्या माथ्यावर खिळ्याला टांगलेला जुना राउटर.

आधीच्या कंपनीचं कनेक्शन काढलं तेव्हा तो घरातच राहिला होता. वरच्या खोल्यांत रेंज मिळावी म्हणून खालच्या डब्यापासून केबल ओढून त्याला जोडली. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, म्हणजे माणूस वर-खाली गेला तरी मोबाईल आपोआप जोडला जाईल. कल्पना चांगलीच होती. दगडी भिंती आणि स्लॅब भेदून वर रेंज नीट पोचत नाही तिथे असंच करावं. चालू अवस्थेतला राउटर भंगारात घालण्यात अर्थ नाही. फक्त त्यातली एक सेटिंग बंद करायची राहून गेली होती.

ती कोणती, हे दोन मोबाईल शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं. एक चालणारा, एक बंद पडलेला. सेटिंग्ज, तिथे वायफाय, जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर किंवा त्यापुढच्या दातेरी चाकावर बोट, आणि खाली सरकत गेलं की आयपी ॲड्रेस. चालणाऱ्या मोबाईलवर होता १९२.१६८.१.१४ आणि त्याचा गेटवे १९२.१६८.१.१. बंद मोबाईलवर होता १९२.१६८.०.१०३ आणि गेटवे १९२.१६८.०.१. एकाच घरातले, एकाच नावाच्या वायफायला जोडलेले दोन मोबाईल, पण तिसरा आकडा एकाचा १ आणि दुसऱ्याचा शून्य. सगळा बिघाड त्या आकड्यात होता.

मोबाईल वायफायला जोडला जातो तेव्हा त्या नेटवर्कमधला पत्ता त्याच्याजवळ नसतो. तो मागावा लागतो. घरातला राउटर त्याला पत्ता देतो आणि बाहेर पडायचा रस्ता कुठून आहे हेही सांगतो. तो रस्ता म्हणजे गेटवे. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ मध्ये तिचे नियम पहिल्यांदा ठरले आणि १९९७ मध्ये सुधारून पक्के झाले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तर खास खासगी नेटवर्कांसाठी राखलेले आहेत. म्हणून तेच आकडे कोल्हापुरातल्या घरातही दिसतात आणि कॅनडातल्या मराठी घरातही. घरात पत्ते वाटणारा एकच असावा, ही साधी अपेक्षा. दोघे असले तर मोबाईल काही कुरकुर करत नाही. ज्याचं उत्तर आधी येईल, त्याचा पत्ता तो घेऊन मोकळा होतो.

मंगल कार्यालयात पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या द्यायला दोघे बसवले आणि त्यातल्या एकाजवळ पाडून टाकलेल्या जुन्या इमारतीच्या किल्ल्या असल्या, तर जो घोळ होईल तोच इथे होत होता. जिन्यावरच्या राउटरने दिलेला पत्ता दिसायला धडधाकट. पण त्यात गेटवे म्हणून तो राउटर स्वतःचंच नाव सांगायचा, आणि त्याच्या मागे बाहेरची लाईन उरलीच नव्हती. वायफायचं चिन्ह भरलेलं दिसायचं, बाजूला बारीकसं उद्गारचिन्ह, आणि नेट शून्य.

आता सगळे धागे जुळले. लाईट असताना दोन्ही राउटर चालू, म्हणून वरच्या माणसांना बहुतेक वेळा जवळच्या जुन्या राउटरचं उत्तर आधी मिळे. तिथे खोटा पत्ता घेतलेला मोबाईल खाली आणला तरी वायफायचं नाव तेच असल्याने तो जुनाच पत्ता धरून बसे, आणि डब्याला चिकटून बसलं तरी नेट येत नसे. नेटवाल्याच्या मुलाने खाली उभं राहून मोबाईल जोडला, त्याला खालच्या डब्याचं खरं उत्तर मिळालं, त्याची स्पीड टेस्ट फुल्ल आली. डबा रीस्टार्ट केला की फायबरचा डबा पुन्हा उभा राहायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात घरातले मोबाईल जुन्या राउटरकडे धावत आणि खोटे पत्ते घेऊन बसत. आणि लाईट गेली की जुना राउटर बंद. उरे तो एकटा खालचा डबा, इन्व्हर्टरवरचा. रेंज कमी मिळे, पण सगळ्यांना खरे पत्ते मिळत. आजोबांच्या सवालाचं उत्तर हे असं होतं.

पत्ता एकदा मिळाला की तो ठरावीक मुदतीचा असतो. कुठल्या राउटरमध्ये दोन तासांचा, कुठल्या राउटरमध्ये चोवीस तासांचा. निम्मी मुदत उलटली की मोबाईल ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच मुदतवाढ मागतो. म्हणजे खोटा पत्ता देणारा राउटर चालू असेपर्यंत बिघाड आपोआप बरा होण्याची आशा धरण्यात अर्थ नसतो.

दुरुस्ती अगदी थोडक्यात झाली. खालून आलेली केबल तात्पुरती काढून जुना राउटर लॅपटॉपला जोडला. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत गेल्यावर आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. खालचा डबा मोबाईलना ज्या आकड्यांमधून पत्ते देतो त्यात हा २ येत नाही, एवढं पाहून घेतलं. मग डीएचसीपी सर्व्हर बंद करून सेव्ह. खालची केबल पुन्हा जोडताना ती वेगळ्या रंगाच्या 'वॅन' पोर्टमध्ये न लावता 'लॅन'च्या पोर्टमध्ये लावली. नव्या राउटरांमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा एकच पर्याय असतो. तो निवडला की यातलं बहुतेक काम आपोआप होतं. शेवटी प्रत्येक मोबाईलचं वायफाय बंद करून चालू केलं. सगळ्यांचा तिसरा आकडा १ आला. पुढे जुन्या राउटरलाही इन्व्हर्टरचा पॉइंट काढून दिला, म्हणजे लाईट गेल्यावर वरची रेंजही जाणार नाही. नवा राउटर, नवा मोबाईल, नवी कंपनी, कशाचीच गरज पडली नाही.

बिघाडाची वेळ टिपून ठेवल्याने केवढी कोडी सुटतात, याची उदाहरणं जगात आहेत. वेल्समधल्या ॲबरहोसन या छोट्याशा गावाचं ब्रॉडबँड दीड वर्ष रोज सकाळी सातला कोसळायचं. केबली बदलून पाहिल्या, उपयोग झाला नाही. अखेर २०२० साली अभियंते भल्या सकाळी, पावसात, विद्युत गोंगाट पकडणारं यंत्र घेऊन गावात फिरले. सातच्या सुमाराला यंत्राने गोंगाट पकडला आणि त्याचा माग काढत ते एका घरापाशी पोचले. तिथे रोज सातला एक जुना सेकंडहँड टीव्ही लावला जात होता. त्यातून निघणारा गोंगाट सगळ्या गावाच्या लाइनीत शिरत होता. त्या टीव्हीच्या मालकाने तो पुन्हा लावला नाही आणि गावाचा त्रास संपला.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीचं कोडं तर १९९८ पासूनचं. तिथे अधूनमधून एक चमत्कारिक स्पंद नोंदला जाई. आकाशातून आल्यासारखा भासे, पण यायचा कामाच्या वेळेतच. २०१५ साली खगोलशास्त्रज्ञ एमिली पेट्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावला. आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची वेळ संपायच्या आत कुणी त्याचं दार उघडलं आणि दुर्बीण त्या दिशेला वळलेली असली की तो स्पंद उमटत होता. दोन्ही प्रकरणांत घड्याळानेच रस्ता दाखवला.

आपल्या महाराष्ट्रात, जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची. अवकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत टिपणाऱ्या या दुर्बिणीला आसपासच्या विजेच्या तारांवर पडणाऱ्या ठिणग्यांचाही उपद्रव होतो, आणि तो कुठून येतोय हे शोधणं हा तिथल्या अभियंत्यांच्या कामाचाच भाग आहे. केव्हा, कुठे आणि त्या वेळी आणखी काय चालू होतं, हे तीन प्रश्न तिथेही चुकत नाहीत आणि शिवाजी पेठेतल्या सोप्यातही.

तेव्हा नेट बिघडलं की काहीही विकत घेण्याआधी, काहीही दाबण्याआधी, बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवावं. टप्पे तीनच: रस्त्यावरून घरात येणारी लाईन, घरातली पत्त्यांची व्यवस्था आणि राउटरपासून मोबाईलपर्यंतची हवा. लॅपटॉप केबलने थेट मुख्य डब्याला जोडून पाहिला की निम्मं उत्तर मिळतं. केबलवरही नेट नसेल तर बहुधा लाईन गेलेली आहे. केबलवर चालतंय पण वायफायवर नाही, तर हवा किंवा पत्ते. घरात दुसरा राउटर किंवा रेंज वाढवणारं यंत्र असेल तर ते बंद करून पाहणं ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे. ते बंद केल्यावर सगळ्यांचं नेट सुरळीत झालं, तर चोर सापडला. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पत्ता द्यायला कुणीच उत्तर दिलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

लाईन गेल्याची खूण म्हणजे डब्यावरचा 'लॉस' लिहिलेला तांबडा दिवा. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. ती खिळ्याभोवती घट्ट गुंडाळली, कपाटामागे चेंबली, दाराच्या फटीत दाबली गेली की आतला प्रकाश बाहेर निसटतो आणि डब्यापर्यंत पुरेसा पोचत नाही. गणपतीच्या दिवसांत उंच मूर्ती नेताना रस्त्यावर लोंबणाऱ्या वायरी बांबूने वर उचलाव्या लागतात. त्यानंतर एखाद्या गल्लीचं नेट गेलं तर आधी रस्त्यावर बघावं. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात, सुतारवाड्यासारख्या भागात राहणाऱ्यांनी डबा आणि फायबरचा जोड वरच्या मजल्यावरच घ्यावा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूर विसरलेलं नाही. एक ताकीद इथे द्यायलाच हवी: सुटलेल्या फायबरच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नका. त्यातला लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण असतो.

हवेचं प्रकरण वेगळं. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात तो २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माउस, कॅमेरे सगळे तिथे दाटीवाटीने राहायला आले. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. त्यातून बाहेर झिरपणाऱ्या लहरींनी माणसाला अपाय होत नाही, पण राउटरचा संकेत मुळातच इतका दुबळा असतो की त्याच्यावर त्या मात करतात. घरगुती ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या साधारण निम्म्या काळातच लहरी सोडतो, म्हणून दूध तापत असताना नेट पूर्ण बंद न पडता रेंगाळतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. तिथे ओव्हनचा त्रास नाही, गर्दीही कमी. त्याची अडचण एवढीच की भिंत आली की तो लवकर दमतो. जुन्या पेठांतल्या दगडी भिंतींपुढे तर त्याचं फारसं चालत नाही. म्हणून खालच्या खोलीत ५ आणि भिंतीपलीकडे २.४, अशी वाटणी करावी लागते, किंवा शिवाजी पेठेतल्या घराने केलं तसं केबल ओढून वर दुसरा राउटर लावावा लागतो. माझ्या मते दगडी घराला केबलीइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. नुसत्या सॉकेटमध्ये खोचायचे 'बूस्टर' आलेला संकेत ऐकून पुन्हा सोडतात. एकाच पट्ट्यावर दोन्ही कामं करणाऱ्या साध्या बूस्टरमध्ये वेग जवळजवळ निम्मा होतो, हे विकणारा सांगत नाही.

२.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल मिळतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना धक्का न लावणारे तीनच धरायचे: १, ६ आणि ११. राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत मोबाईलवर शेजाऱ्यांच्या वायफायची लांबलचक यादी दिसते. तिथे ३ किंवा ८ असला मधला आकडा निवडला तर दोन्ही बाजूंचा त्रास ओढवून घेतला जातो. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर तेही होत नाही. डबा लोखंडी कपाटावर, आरशामागे किंवा पाण्याच्या टाकीशेजारी ठेवू नये. आणि एक फारसं माहीत नसलेलं: राउटरला किंवा लॅपटॉपला चिकटून यूएसबी ३.० ची हार्डडिस्क लावली की तीही २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं आहे. बिनतारी माउस अडखळायला लागला तर आधी डिस्क हातभर लांब ठेवून बघा.

काही गोष्टी करू नयेत, त्या स्पष्टच सांगतो. डब्याच्या मागे बारीक भोकात एक 'रीसेट' बटण असतं. पिन घालून ते दाबायचा मोह आवरा. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. रीसेटने कंपनीने आत भरलेला युजरनेम, पासवर्ड आणि बाकीच्या सेटिंग्ज पुसल्या जाऊ शकतात, आणि मग चांगली लाईन असूनही त्यांचा माणूस येईपर्यंत घर कोरडं. दोन राउटरांमध्ये दोन केबली जोडू नका; माहिती गोल गोल फिरून सगळं नेटवर्क गुदमरतं. जुना राउटर वापरात घेतलात तर त्याचा मूळचा ॲडमिन पासवर्ड बदला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलण्याआधीच्या सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलून नेट सुरू झालं तर कशामुळे सुरू झालं ते कळत नाही, आणि पुन्हा गेलं की पहिल्यापासून सुरुवात.

दोष लाइनीचाच निघाला तर तोंडी सांगून थांबू नका. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१२ च्या नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीला डॉकेट नंबर देणं कंपनीला बंधनकारक आहे. तो मागून घ्या, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. तारीखवार नोंदी जवळ असल्या तर तिथे तुमच्या बोलण्याला वजन येतं.

आणि घरोघर नेट बसवायला, दुरुस्त करायला जाणाऱ्या मुलांना एक विनंती. तुम्ही लाईन तपासता, स्पीड दाखवता, काम चोख करता. निघण्याआधी एवढं विचारत चला: घरात आणखी एखादा राउटर चालू आहे का? हो म्हणाले तर वर जाऊन तो पाहा, ग्राहकाचा मोबाईल हातात घेऊन त्यावरचा पत्ता वाचा, जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद करा आणि त्याचा नवा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाठीवर चिकटवा, म्हणजे पुढे येणाऱ्या माणसाला तो शोधत बसावं लागणार नाही.